यशूच्या घरचा डबा

समोरच्या गच्चीवर आता नुसत्या दोऱ्या आहेत. नवे भाडेकरू दोघंही नोकरीवाले, त्यांना गच्चीवर चढायची गरजच पडत नाही. तरी वैशाख लागला की सकाळचा चहा घेऊन मी आमच्या गॅलरीत उभी राहते आणि माझी नजर आपोआप एक पिवळं हेल्मेट शोधू लागते. ते हेल्मेट धुळ्याला गेलं. त्याच्या खालचा माणूसही तिकडेच गेला, पण खरं सांगायचं तर मला आधी आठवतं ते हेल्मेटच.

अशोक बैसाणे हे त्या माणसाचं नाव. जळगावात पिंप्राळ्याकडे आमची कॉलनी, आणि आमच्या अगदी समोरच्या घरात ते भाड्यानं आले. बायको करुणा पहूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स. ती सकाळी पांढऱ्या गणवेशात बसला पळायची आणि संध्याकाळी पाय ओढत परत यायची. यशोधरा, म्हणजे यशू, ही त्यांची एकुलती मुलगी, तेव्हा तिसरीत. आणि अशोकभाऊ? ते घरी. हातपाय धड असलेला बाप्या दिवसाउजेडी घरात दिसला की आमच्या कॉलनीला अन्न पचत नाही. कोणी म्हणालं, निलंबित आहे. कोणी म्हणालं, शेअर बाजारात बुडालाय, वाटतं. एकीनं तर छातीचा आजार लावून टाकला आणि त्यांच्याकडचं पाणी प्यायचं बंद केलं.

मी मुळातच चौकस, त्यात आता निवृत्त. आमचे हे म्हणतात, तुला जिल्हा परिषदेऐवजी पोलिसात नोकरी लागायला हवी होती. पण मी अफवेवर विश्वास ठेवत नाही, डोळ्यांवर ठेवते. म्हणून एप्रिलच्या एका सकाळी मी वाळवण पाहायच्या निमित्तानं आमच्या गच्चीवर गेले आणि समोर पाहून जिन्याच्या तोंडाशीच थबकले. समोरच्या गच्चीवर बाजा, म्हणजे खाटा, उलट्या टाकून त्यांच्यावर ओली धोतरं पसरलेली. त्यांच्यामध्ये उकिडवा बसून एक माणूस पाण्यात बोटं बुडवून बिबड्या थापत होता. अंगात बनियन, मनगटात मोठं घड्याळ, गळ्यात गमछा, भरघोस मिशा आणि डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट.

"अहो, हेल्मेट कशाला?" मी ओरडून विचारलं. ओळख नाही, पाळख नाही, पण प्रश्न पोटात राहिना.

त्यांनी मान वर केली, हसले. "हेल्मेट शे म्हनीसन डोकं शे, अक्का. नहीते या उनमा डोकानीच बिबडी व्हई जाई!"

जळगावचं ऊन ज्यानं पाहिलंय त्याला यातला विनोद कमी आणि माहिती जास्त वाटेल. दुपारी एक ताटली आमच्याकडे आली, यशूच्या हातून. निखाऱ्यावर भाजलेली बिबडी, वर कच्चं शेंगदाण्याचं तेल, सोबत हिरवी मिरची. बिबडी म्हणजे ज्वारी दोन-तीन दिवस भिजवून, भरडून, तिचा तीळ-जिरं-लसूण घालून घाटा शिजवायचा आणि तो कापडावर थापून उन्हात वाळवायचा. आंबूसपणा नेमका उतरला तरच ती बिबडी, नाहीतर नुसता पापड. माझी आई गेल्यापासून तशी बिबडी मी खाल्ली नव्हती. मी ताटली घासून परत द्यायला स्वतःच गेले, कारण आता माझी चौकशी जेवणापर्यंत पोचली होती.

हळूहळू सगळं कळलं. अशोकभाऊ धुळे जिल्ह्यातल्या शिंदखेडा तालुक्यातले, नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला होते. करुणाची नेमणूक पहूरला, यांच्या शिफ्टा नरडाण्यात, आणि दोन वर्षांची यशू गावाला आजीजवळ. आठवड्याच्या सुट्टीला अशोकभाऊ गावी जायचे. एकदा असेच ते दारात उभे राहिले, खिशात चॉकलेट, आणि यशू आजीच्या लुगड्यामागे लपून म्हणाली, "माय, कोन्ही काका उना." आजीला ती सांगत होती, कोणी काका आलाय.

"तो दिन मी कारखानानं हेल्मेट डोकावर घालीसनच घर उनू," ते मला म्हणाले होते. "परत देवानं ध्यानमाच नही राह्यनं." हेल्मेट परत करायचं राहिलं ते राहिलंच. नोकरी मात्र त्यांनी सोडली. करुणाची सरकारी नोकरी सोडणं शक्य नव्हतं, म्हणून घरी कोण राहणार हा प्रश्न त्यांनी दोघांमध्ये फार चघळला नाही. यशूला आईनं जळगावला आणलं आणि बाप तिच्यासाठी घरी बसला. पण यशूची शाळा सुरू झाली तसं एका पगारात शहरातलं बिऱ्हाड चालेना. घरात राहून काही करायचं तर काय? आईच्या हाताखाली लहानपणापासून थापलेल्या बिबड्या तेवढ्या येत होत्या. हा धंदा चालला तर ते घरी राहू शकणार होते. नाही चालला तर नरडाणा, आणि यशू पुन्हा आजीकडे. त्या तिघांच्या घरात हे सगळ्यांना माहीत होतं, यशूलासुद्धा.

धंद्याच्या पहिल्या वर्षी ते सरळपणे एका बचतगटांच्या प्रदर्शनात टेबल मांडून बसले. बायका यायच्या, पाकीट नाकाजवळ न्यायच्या, मान डोलवायच्या आणि विचारायच्या, "घरात कोण करतं?"

"मीच."

की पाकीट हळूच खाली. फेकून नाही, अगदी सभ्यपणे, झोपलेल्या बाळाला ठेवावं तसं. शेजारच्या टेबलावरची बाई शेवटी कळवळून म्हणाली, "भाऊ, बायको करते म्हणा ना! तुमचं काय जातं?" ते अशोकभाऊंना म्हणवेना. संध्याकाळी सगळी पाकिटं पिशवीत भरून ते घरी आले.

"बठ्ठास्ले मायना हातनं लागस, अक्का," ते मला म्हणाले. बठ्ठास्ले, म्हणजे सगळ्यांना. "बाप्या माणूसना हातनं लोके हाटेलमा खातस. घरनं म्हटलं का माय पाहिजे."

मग करुणानंच आपल्या नर्सिंगच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला. नाव दिलं 'यशूच्या घरून'. पैसे यायचे ते करुणाच्या खात्यात, म्हणून पैसे पाठवताना दिसायचं तेही तिचंच नाव. पहिल्याच दिवशी पुण्याहून एकीनं लिहिलं, "यशूच्या आई, दोन पाकिटं पाठवा." अशोकभाऊंनी तो निरोप कितीतरी वेळ पाहिला आणि उत्तर लिहिलं, "पाकिटं उद्या निघतील." त्या दिवसापासून ते जगासाठी यशूची आई झाले.

ते गिऱ्हाइकांना कसं लिहायचे हे पाहण्यासारखं होतं. मी मुद्दाम त्यांच्या खांद्यावरून पाहायचे. 'पाठवते' नाही, 'पाठवतो' नाही. "पार्सल निघालं." "ज्वारी भिजत पडली आहे." "ऊन कमी आहे, दोन दिवस लागतील." स्वतःला वाक्यातून असं अलगद उचलून बाजूला ठेवायचे की मला हसू यायचं. वर मला ऐकवायचे, "मी कधी खोटं लिखं नही, अक्का." मी म्हणायचे, "खरंही नाही लिहिलंत!" त्यावर ते मिशीतल्या मिशीत हसून घाट्यात कलथा फिरवायला लागायचे.

फोन मात्र उचलायचा नाही हा नियम. आवाज म्हणजे कारखान्याचा भोंगा, एका शब्दात भांडं फुटलं असतं. आणि इथंच पंचाईत झाली, कारण सगळे म्हणायला लागले की आता फोटोनं काही होत नाही, व्हिडिओ पाहिजे. बोललं पाहिजे, दिसलं पाहिजे. तोंड दाखवायचं नाही, आवाज काढायचा नाही आणि जाहिरात करायची, हे कोडं त्यांनी सोडवलं ते गुलाबाईच्या डब्यानं.

भाद्रपदात आमच्याकडे गुलाबाई बसते, भोंडल्यासारखाच पोरींचा सण. पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि शेवटी ज्या घरची गुलाबाई, तिथली पोरगी झाकणबंद डब्यात खाऊ घालून तो वाजवते. बाकीच्यांनी आवाजावरून ओळखायचं. अशोकभाऊंच्या लहानपणी त्यांच्या गल्लीत पोरांना त्या घोळक्यात मज्जाव. पण हे दाराबाहेर भिंतीला कान लावून बसायचे आणि ओळखून बहिणीला खिडकीतून खुणा करायचे. शेंगदाणा कसा वाजतो, फुटाणा कसा, साखरफुटाणा कसा, हे ज्ञान त्यांनी तिथं बसून कमावलं.

तर दर रविवारी सकाळी गिऱ्हाइकांच्या फोनवर एक व्हिडिओ यायचा. पितळी डबा, आणि तो वाजवणारे यशूचे दोन चिमुकले हात. ना चेहरा, ना बोलणं. खडखड, खुळखुळ, कधी नुसती सळसळ. खाली एक ओळ, 'डब्यात काय?' बरोबर ओळखणाऱ्यांच्या पार्सलात तोच खाऊ मूठभर जास्त. कधी बाजरीच्या खारोड्या, कधी केळीचे वेफर, कधी चिंचोके. लोक वेडे झाले. सुरत, नाशिक, पुणे, जिथं जिथं खान्देशचं माणूस पोटामागे गेलेलं, तिथं रविवारी सकाळी बायका फोन कानाला लावून बसायला लागल्या. मीसुद्धा समोर राहून आधी विचारायचे नाही, फोनवरच ओळखायचे. एकदाही बरोबर आलं नाही. बिबड्या कमी आणि उत्सुकता जास्त, असा तो व्यापार होता.

मध्ये करुणाचा भाऊ धुळ्याहून आला. त्यानं ऑनलाइन जाहिरातीचा कोर्स केलेला. आल्या आल्या त्यानं दाजींना खुर्चीवर बसवलं आणि शिकवायला सुरुवात केली. "दाजी, नुसते हात काय दाखवता? यशूचा चेहरा दाखवा. तिला नऊवारी नेसवा, बोबडं बोलायला लावा. लहान पोर दिसलं की माणूस थांबतो. एका महिन्यात कुठल्या कुठे जाल!"

यशू तिथंच गृहपाठ करत होती. म्हणाली, "मामा, मी बोबडी बोलत नाही."

"अगं, बोलल्यासारखं करायचं."

अशोकभाऊ इतका वेळ ऐकत होते. ते उठले, मेव्हण्याच्या पुढ्यात भाजलेली बिबडी ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "खाई ले. आणि ध्यानमा ठेव, माले बिबडी इकनी शे, पोर नही." तो विषय तिथं संपला. मेव्हण्यानं बिबड्या मात्र सगळ्या संपवल्या.

त्याच सुमाराला डब्यात एका रविवारी वेगळंच काहीतरी वाजलं. बारीक, एकटंच, टिकटिक करत फिरणारं. शेकडो उत्तरं आली, जवसापासून मण्यापर्यंत. एकीनंच ओळखलं. सुरतहून मीना नावाच्या बाईनं लिहिलं, "यशूच्या आई, दुधाचा दात आहे ना? माझ्या पोराचा असाच वाजायचा डबीत." खरंच यशूचा दात पडला होता.

मीनाताईंचा मुलगा मोठा होऊन लांब नोकरीला गेलेला, नवरा दिवसभर कापडाच्या कामावर. त्या दातापासून त्यांचं आणि यशूच्या आईचं दुपारचं लिहिणं सुरू झालं. आधी बिबड्यांबद्दल, मग पोरांबद्दल, मग घरातलं. पोरगा फोन करत नाही, केला तर 'जेवलीस का' एवढंच विचारतो. अशोकभाऊ एका हातानं वेणी धरून दुसऱ्या हातानं उत्तर लिहायचे. हो, यशूच्या वेण्या तेच घालायचे, आणि कॉलनीतल्या कुठल्याही आईपेक्षा घट्ट. एकदा मीनाताई बायकी दुखण्याचं काही लिहायला लागल्या, तेव्हा मात्र त्यांनी घाईघाईनं लिहिलं, "हे इथं नको ताई, दवाखान्यात दाखवा," आणि फोन पालथा घालून ठेवला. कान लाल झाले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, या माणसाला हे ओझं झालंय.

आणि मीनाताई एकट्या नव्हत्या. पोरगं भाकरी खात नाही, सून बाळंतपणानंतर रडत बसते, शाळेत जायच्या वेळी पोट दुखतं, असं काय काय बायका यशूच्या आईला विचारायच्या. आणि पोर सांभाळणारा हा बाप जे स्वतः करून पाहिलं तेच सांगायचा.

भांडं फुटलं ते पहूरला. करुणा वॉर्डात सलाईन लावत होती, तर एक म्हातारी तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून घेऊन आली आणि तिचे हातच धरले. "करुणा बैसाणे? तूच का वं यशूनी माय? मनी सुनले तूच धीर दिन्हा ना! रडू येई तव्हय ती तुलेच लिखे. तुनासारखी माय बठ्ठास्ले मिळो!"

करुणाला त्या सुनेचं नावही ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी मी कोथिंबीर मागायला गेले होते. कोथिंबीर आमच्याकडे होती, पण ते असो. करुणा गणवेशातच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसलेली, चपला पायात तशाच. अशोकभाऊ भिंतीशी उभे. मला पाहूनही ती थांबली नाही.

"मना नाववर मनापेक्षा चांगली माय बशेल शे या घरमा," ती म्हणाली. "ती पोरनी येनी घालस, ती पोरले भरवस, ती लोकस्ना पोऱ्यास्ले बी सांभाळस. आणि मी? मी फक्त बस पकडस. तिले बाहेर काढा, नहीते माले तरी आत ल्या."

तिच्या जागी मी असते तर मीही हेच बोलले असते. अशोकभाऊंनी तिच्या पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "कपडावरनी बिबडी ओढीसन निघत नही, करुणा. फाटस. मांगून पानी मारनं पडस, मंग ती हळूच सुटस."

"मंग मारा पानी," ती म्हणाली, "पन सोडवा."

कोथिंबीर न घेताच मी घरी आले.

तोड काढली यशूनं. ती म्हणाली, "पप्पा, या रविवारी डब्यात काहीच नको. तुम्हालाच ओळखायला लावू." फोन धरायला मला बोलावलं. यशूनं डबा हलवला, जोरजोरात हलवला, आवाज शून्य. 'डब्यात काय?' लोकांनी दिवसभर डोकं चालवलं. कापूस, पीठ, हवा. भुसावळच्या एका बाईनं तर 'मनाची शांती' असं लिहिलं. संध्याकाळी आम्ही दुसरा व्हिडिओ काढला. यशूनं झाकण उघडलं, रिकामा डबा दाखवला, आणि मी फोन वर केला. समोर पिवळं हेल्मेट, मिशा, आणि कपाळावरून ओघळणारा घाम.

"डबामा काही नही शे," अशोकभाऊ म्हणाले. पहिल्यांदाच त्यांच्या गिऱ्हाइकांनी त्यांचा आवाज ऐकला. "आज माले वळखा. मी यशूना पप्पा. बिबड्या पहिलेपाइन मीच थापस. यशूनी माय दवाखानामा बिमार लोकस्ले सांभाळस. तुमी माले यशूनी माय म्हनत व्हतात आणि मी गप बसनू. मनं चुकनं. आते बिबडी गोड लागो का कडू, हात मना शे."

इतकंच. हेल्मेट का घातलं विचारलं तर म्हणाले, लाज वाटत होती, डोक्यावर काहीतरी पाहिजे होतं.

मग फोन गप्प झाला. नेहमी किणकिणणारी ती वस्तू त्यांच्या ओट्यावर दिवसभर मुकी पडून असायची. काही बायकांनी नंबर बंद केला. एकीनं लिहिलं, आम्ही काय काय बोललो तुमच्याशी, शोभलं का तुम्हाला? त्यावर त्यांनी फक्त 'नाही शोभलं' एवढंच लिहिलं. चाळीसगावच्या एका बापानं विचारलं, भाऊ, मीही घरी असतो, वेणीला तेल आधी लावायचं की नंतर? पण त्यानं बिबड्या काही मागवल्या नाहीत. मीनाताईंनी व्हिडिओ पाहिल्याचं दिसत होतं. त्यांचं एक अक्षर नाही. अशोकभाऊंना सगळ्यात जास्त तेच लागलं. दुपारी वेणी घालताना त्यांची नजर फोनकडे जायची आणि यशू म्हणायची, "पप्पा, भांग वाकडा येतोय."

आठवड्याभरानं त्यांनी नरडाण्याला जुन्या साहेबांना फोन लावला. जागा होती. या म्हणाले.

त्याच दुपारी आमची बेल वाजली. दारात यशू, पोटाशी दोन्ही हातांनी हेल्मेट धरलेलं. "आजी, हे तुमच्याकडे ठेवा. पप्पांनी विचारलं तर नाही म्हणा. हेल्मेट नसलं की कारखान्यात घेत नाहीत." मी पलंगाखाली जुन्या सतरंजीच्या मागे हेल्मेट सरकवलं आणि तिला लाडू दिला. ती लाडू न खाता गेली. मला त्या दिवशी फार रडू आलं, आणि आमच्या ह्यांना वाटलं, मी मालिका पाहतेय.

दोन दिवसांनी सकाळी अशोकभाऊ स्वतःच आले. "अक्का, हेल्मेट द्या."

"कुठलं हेल्मेट?" मी म्हणाले. पोलिसात जाणारी बाई ना मी!

"पलंगखालनं. सतरंजीना मांगलं." यशूनं कबुली दिली होती, वाटतं.

मी ते काढून दिलं, पण सोडवत नव्हतं. "नरडाण्याला निघालात?"

"नही वं माय. सोमवारे जानं शे." त्यांनी हेल्मेटावरची धूळ बनियनला पुसली. "तीन दिनपाइन जवारी भिजेल शे. वास मारी राहिनी. आज थापनीच पडई. भिजेल जवारीले कसं सांगू, आते गिऱ्हाईक नही?"

आणि ते गच्चीवर गेले. घेणारं कोणी नसताना बाजा उलट्या पडल्या, धोतरं भिजली, घाट्याचा आंबूस वास नेहमीसारखा रस्ता ओलांडून आमच्या घरात आला. मी चहा घेऊन गॅलरीत उभी राहिले. कठड्याच्या आड ते दिसत नव्हते, नुसता थापण्याचा पट्पट् आवाज येत होता.

त्यानंतर ते आमच्यासमोर आणखी बरेच दिवस राहिले, करुणाची बदली होऊन सगळे धुळ्याला जाईपर्यंत. ट्रकवर सामान चढताना मी त्यांना पाहिलं, निरोपाचा नारळही दिला. पण अशोकभाऊंना शेवटचं पाहिलं ते कधी, असं कोणी विचारलं तर मला ट्रक आठवत नाही. मला ही सकाळ आठवते.

करुणा गणवेशात, खांद्याला पर्स, बससाठी फाटकाबाहेर पडत होती. तेवढ्यात रिक्षा थांबली. एक ठेंगणी बाई उतरली, सुती साडी, प्रवासानं चुरगळलेली, दोन्ही हातांत रिकाम्या मोठ्या पिशव्या. तिनं घराकडे पाहिलं, फोनमध्ये पाहिलं, पुन्हा घराकडे पाहिलं.

"मी सुरतहून उनू. मीना," ती करुणाला म्हणाली. "आमनी बठ्ठी गल्लीनी बिबडी ली जानी शे." व्हिडिओ तिनं पाहिला होता, तिला सगळं ठाऊक होतं. तरी तिनं एकेक शब्द नीट उच्चारत विचारलं, "यशूनी माय आठेच राहस का?"

माझा कप ओठाशी तसाच राहिला. करुणा त्या बाईकडे पाहत राहिली. तिची बस चुकत होती. छातीवर तिच्या नावाची पट्टी होती, आणि ती म्हणू शकली असती, 'मीच'. ते अगदी खरं ठरलं असतं.

ती हसली. खूप दिवसांनी हसली. मान वर करून तिनं गच्चीकडे बोट दाखवलं.

"यशूनी माय ना? वर शे, गच्चीवर. जा, जिना तठून शे."

वरचा पट्पट् आवाज थांबला. कठड्यामागून पिवळं हेल्मेट हळूच वर आलं.